डोक्यावरचा गणपती, पोटातला फुगा

जयपूरच्या जवाहर नगरात मराठी घरं मोजकीच, बहुतेक रेल्वेच्या बदलीने येऊन तिथेच राहिलेली. विसर्जनाला मंडळाचा गणपती डोक्यावर घेऊन हौदापर्यंत चालायचं, हा मान मात्र एकट्या गुलाबरावांचा. मूळचे भुसावळचे, जन्म इंजिनावर गेलेला. पासष्टी उलटली तरी मान सोडायचं नाव नाही. तो गेला तर या परक्या मुलखात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

डोळ्यांत खुपायचे ते एकच, निवृत्त टीसी बळवंतराव. "यंदा आम्हाला द्या की," असं ते दर वर्षी हसत म्हणायचे आणि गुलाबरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

२००७ च्या उन्हाळ्यात सी-स्कीम वस्तीतल्या एका दवाखान्याने म्हाताऱ्या पुरुषांसाठी पोटाची सोनोग्राफी फुकट ठेवली. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी तर यावंच म्हणे. पोटातली मोठी रक्तवाहिनी कधी कधी फुगते, दुखत नाही की खुपत नाही, आणि एक दिवस फुटली की खेळ खलास. गुलाबराव ऐटीत गेले. बळवंतराव म्हणाले, चांगल्या पोटात कशाला डोकावायचं?

गुलाबरावांच्या पोटात फुगा निघाला. लहानसा. डॉक्टरांनी नीट समजावलं, की एवढ्याला कापण्यातच धोका जास्त. बिडी सोडा, दर वर्षी येऊन मोजून जा, बाकी खुशाल राहा. ओझं उचलू नका, असं तर ते बोललेही नाहीत. पण त्यांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! दोन दिवसांत सगळ्या मंडळाला कळलं. बाप्पा डोक्यावर असताना काही झालं तर केवढा अपशकुन, म्हणून मंडळाने परस्पर ठरवून टाकलं आणि मान बळवंतरावांना दिला.

त्या मिरवणुकीत गुलाबराव मागे झांजा धरून चालले. पुढे बळवंतरावांच्या डोक्यावर गणपती, आणि इकडे यांचा नुसता जळफळाट. शिंक आली तरी हे पोट धरायचे. तो मात्र न तपासता मजेत. हेवा काय फक्त मानाचा होता? त्या माणसाच्या बिनघोर झोपेचासुद्धा होता.

मग त्यांनी बळवंतरावांच्या मागे टुमणं लावलं, की तपासून घ्या, तुम्हीही ओढता. तोंडावर काळजी होती, मनात मात्र याच्याही पोटात निघू दे, एवढंच होतं. कटकट मिटावी म्हणून बळवंतराव एकदाचे गेले. त्यांचा फुगा निघाला चांगला मोठा, आज फुटतो की उद्या असा. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं आणि ते वाचले.

त्यांच्या यमुनाबाई पेढे घेऊन आल्या आणि वाकून गुलाबरावांच्या पाया पडल्या. "भाऊजी, तुम्ही मागे लागलात म्हणून माझं कुंकू राहिलं." गुलाबरावांना पेढा गिळवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

पण हेवा मेला नाही. पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा बळवंतरावांचंच नाव घेतलं. त्यांचं दुखणं कापून निघालं, गुलाबरावांचं अजून आतच आहे, असा हिशेब. बळवंतराव खणखणीत गजर करत निघाले आणि लोक गुलाबरावांना कौतुकाने म्हणाले, तुमच्यामुळेच हो!

त्यानंतर गुलाबराव फुगा मोजून घ्यायला गेले. डॉक्टरांनी खुशीत सांगितलं, की फुगा काडीचाही वाढलेला नाही, असाच राहिला तर नव्वदी गाठाल.

"म्हणजे कापणार नाही?" गुलाबरावांनी विचारलं.

कशाला कापायचं, डॉक्टर हसले. तुमच्या मित्राचं वेगळं होतं, ते मरणाच्या दारात होते.

"पण गणपती तेच उचलतात," गुलाबराव म्हणाले, आणि सदऱ्याची बटणं लावता लावता त्यांना रडू कोसळलं.