दोन मिंडल

विनिपेगमधल्या सेलकर्क अॅव्हेन्यूवरच्या रोझा क्रुपनिकच्या चष्म्याच्या दुकानात अंत्यविधीवाल्यांचं फुकट कॅलेंडर लटकलेलं असायचं. तेहेतीस वर्षं. कॅलेंडर दरवर्षी नवं, खिळा मात्र तोच. गिऱ्हाईक माप द्यायला खुर्चीत बसलं की त्याची पहिली नजर जायची ती शवपेट्यांच्या जाहिरातीवर. लोक तिला चिक्कू म्हणायचे, चक्रम म्हणायचे. आमच्या नॉर्थ एंडात नावं ठेवायला कुणाचं काय जातं? खरी गोष्ट अशी होती, की त्या कॅलेंडरमागे तिचा सरकारी परवाना होता. तो भिंतीवर लावणं कायद्याने भाग होतं आणि त्यावर तिचं खरं नाव छापलेलं होतं. ते तिच्या आत्याच्या नजरेस पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तिचं खरं नाव मिंडल. आणि आत्याचंही मिंडल.

आम्हा यहुद्यांत मूल झालं की घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव त्याला ठेवतात. जिवंत माणसाचं कधीच नाही. ठेवलंच, तर मृत्युदूत नाव पुकारत येतो आणि गोंधळून भलत्यालाच उचलून नेतो, असं म्हातारे सांगायचे. देव मानणारे हे गंभीरपणे सांगत आणि न मानणारे हसत हसत सांगत. पण जिवंताचं नाव ठेवायची हिंमत दोघांपैकी कुणीच करत नसे.

रोझाचा बाप लेझर पक्का न मानणाऱ्यांतला. धंद्याने बेकरीवाला, विचाराने यहुदी समाजवाद्यांच्या मजूर मंडळातला कट्टर. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या दिवशी आख्खी आळी सिनेगॉगात प्रार्थना करत छाती बडवत असायची, तेव्हा हा गृहस्थ बरोबर समोरच्या फुटपाथवर उभा राहून काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खायचा. सावकाश, चवीने. पंचेचाळीस साली, युद्ध संपल्यावर, पत्र आलं, की जुन्या पोलंडातल्या ग्रोदनोजवळच्या त्यांच्या गावात आता कुणीही उरलेलं नाही. आई नाही, भाऊ नाहीत, सगळ्यात धाकटी मिंडलही नाही. लेझरने देवाचं नाव घेतलं नाही. तीन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा तिला बहिणीचं नाव दिलं. आमच्या देव न मानणाऱ्या लोकांत मेलेल्यांसाठी करता येण्यासारखं तेवढंच एक उरतं.

पोरीने ते नाव मोठ्या इमानाने वागवलं. आत्याला आंबट सफरचंदं आवडायची म्हणून ही आंबट सफरचंदं खायची. आत्या डावरी होती म्हणून ही डाव्या हाताने लिहायला बघायची आणि शाळेत मार खायची. बापाच्या ओळखीच्या बायका रस्त्यात थांबवून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या आणि रडायच्या. आपल्या आत आणखी एक मुलगी राहते, ती मेलेली आहे आणि तिला नीट सांभाळायचं आहे, असं त्या पोरीला खरंच वाटायचं. अंधाराची भीती तिला वाटत नसे. आरशाची वाटायची.

मग सत्तावन्नच्या शरदात, पोर नऊ वर्षांची असताना, मेलेल्या मिंडलचं पत्र आलं.

ती मेलेली नव्हतीच. रशियात पळाली होती, कझाकस्तानात बारा वर्षं कापूस वेचत होती आणि आता पोलंडात परतली होती. लग्न झालं होतं, एक तान्ही मुलगी होती. पत्राच्या शेवटी विचारलं होतं, ‘दादा, तुला मुलंबाळं किती? नावं काय ठेवलीस?’

लेझरने पत्र दोनदा वाचलं. आनंदाने रडला, टेबलावर मुठी आपटल्या, बायकोला मिठी मारली. मग त्याची नजर पोरीवर गेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आजपासून हिचं नाव रोझा,” तो म्हणाला.

त्याची बायको ब्रायना हसायलाच लागली. “अहो, तुम्ही? सिनेगॉगासमोर हेरिंग खाणारे तुम्ही?”

“ती देवाची चेष्टा होती. ही माझी बहीण आहे.”

“एवढं बर्फ, एवढी उपासमार, एवढी लढाई तिला मारू शकली नाही. आता आपल्या पोरीचं नाव मारणार होय?”

“मला वाद नकोय, ब्रायना. मी तिला एकदा रडून घेतलंय. पुन्हा नाही रडणार.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तशी गत. पोरीला कुणी काही विचारलंच नाही. शाळेत मास्तरीणबाईंना सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, मंडळाच्या हॉलमध्ये तर लेझरने सभेच्या शेवटी उभं राहून सांगितलं. देव नाही, राजा नाही, सावकार नाही म्हणणारी ती सगळी मंडळी माना डोलावून म्हणाली, “बरोबर आहे, लेझर. कशाला उगीच विषाची परीक्षा?” एका दिवसात सगळी आळी तिला रोझा म्हणायला लागली. सरकारी कागद तेवढे बदलायचे राहिले, कारण त्यासाठी कचेरीत जाऊन कारण सांगावं लागलं असतं आणि एवढं खुळं कारण सांगायची लेझरला लाज वाटत होती.

नऊ वर्षं ज्या मुलीला सांभाळलं ती जिवंत निघाली, याचा आनंद पोरीला व्हायला हवा होता. झाला तो अपमान. भाडेकरूला घराबाहेर काढावं, तसं कुणीतरी तिला तिच्यातून बाहेर काढलं होतं. रोझा या नावामागे कुणी मेलेलं नव्हतं, कुणी जगलेलंही नव्हतं. बापाने घाईघाईत सुचलं ते उत्तराच्या पत्रात लिहिलं होतं. आमच्यात अशी पोकळ नावं नसतात.

एकोणसत्तर साली पोलंडने उरल्यासुरल्या यहुद्यांना हाकलून दिलं, तेव्हा आत्या विधवा होऊन विनिपेगला आली. बरोबर बारा वर्षांची इरेना. विमानतळावर आत्याने भाचीला छातीशी धरलं आणि “रोझा, माझी रोझा” म्हणत हुंदके दिले. त्या मिठीत रोझाच्या अंगावर काटा आला. जिचा फोटो पाहत ती लहानाची मोठी झाली, ती बाई उबदार होती आणि तिच्या अंगाला कांद्याचा वास येत होता.

पुढची पन्नास वर्षं आत्या तीन गल्ल्या पलीकडे राहिली. जाकिटांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि शनिवारी दुकानात येऊन बसायची.

“काय गं हे?” एकदा कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर स्मशान टांगलंयस? पळून जातील ना!”

“फुकट मिळतं, आत्या.”

“बापावर गेलीस. काढ ते, मी तुला फुलांचं आणून देते.” आणि ती उठलीच. रोझा काउंटरवरून जवळजवळ उडी मारून तिच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभी राहिली. आत्या हसून म्हणाली, “बरं बाई, राहू दे तुझं स्मशान.”

लेझर एक्याऐंशी साली गेला. जाताना मुलीचं मनगट धरून एवढंच म्हणाला, “ती आहे तोवर सांगू नकोस.” ब्रायना गेली, मंडळातले म्हातारे एकामागून एक गेले. रोझाचा नवरा अव्रोम दार लावून घेतल्यावर तिला मिंडल म्हणायचा, अगदी हळू, जसं काही दोघं मिळून चोरी करताहेत. दोन हजार तीन साली तोही गेला. त्यानंतर तिला त्या नावाने हाक मारणारं जगात कुणी राहिलं नाही. तिला मात्र हाक ऐकू यायची. दुकान बंद करताना, नळ सोडताना, बर्फ उपसताना. ती वळून बघायची आणि तिचं तिलाच कळायचं नाही, की हाक तिला आहे की दुसरीला.

आणि एक गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. आत्या शेवटी वृद्धाश्रमात होती. त्र्याण्णव वर्षांची, चमच्याने सूप भरवावं लागायचं. एका दुपारी भरवता भरवता रोझाच्या मनात आलं, ही गेली की मी मिंडल होईन. चमचा ओठांपर्यंत पोचायच्या आतच कलला, सूप आत्याच्या हनुवटीवर सांडलं. “असू दे गं,” आत्या म्हणाली आणि तिचाच हात थोपटला. रोझाला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. पण विचार गेला नाही. तो रोज तिच्याबरोबर वृद्धाश्रमात यायचा आणि खुर्ची ओढून बसायचा.

नोव्हेंबरात आत्या गेली. गोठलेल्या मातीत पेटी उतरवली, वर तात्पुरती पाटी खोचली. पाटीवर मिंडल. रोझा ती पाटी वाचत इतका वेळ उभी राहिली, की इरेनाला तिला हाताला धरून गाडीपर्यंत न्यावं लागलं.

महिन्याभराने, सगळं निवल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी का होईना, नाव परत मिळणार होतं. पण जन्मभर दुसऱ्यांना चष्मे दिलेल्या या बाईला समोरचं दिसलं नाही. इरेनाची मुलगी नीना तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

जानेवारीत मुलगी झाली. फेब्रुवारीत नीना तिला घेऊन रोझाच्या स्वयंपाकघरात आली. बरोबर तिचा नवरा आर्नेल, फिलिपिनो, मोठा लाघवी मुलगा.

“रोझामावशी, बारसं मंडळाच्या हॉलमध्ये करतोय. रबाय नाही, प्रार्थना नाही, गाणी आणि केक. आणि नाव तू पुकारायचंस. तूच सगळ्यात मोठी आहेस.”

“काय नाव?” रोझाने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं.

“दुसरं काय असणार? आजीचं. मिंडल.”

रोझाने चहाचा कप खाली ठेवला. एक वाक्य पुरेसं होतं. नीना, मिंडल मी आहे. ते ऐकलं असतं तर पोरीने हसून सोडून दिलं असतं, पण इरेनाने त्या क्षणी दुसरं नाव शोधलं असतं. आणि आत्या? गाव गेलं, घर गेलं, देश दोनदा गेला, तिच्या नावाचं माणूसही पुढे कुणी राहिलं नसतं.

आठवडाभर रोझाला झोप नाही. घाबरायचं काय त्यात, ती स्वतःला विचारायची, तू कुठे मानतेस? मानत नव्हतीच. तरी अंथरुणावर पडली की नाव पुकारत येणारा तो मृत्युदूत आठवायचा. आता जिवंत म्हातारी ती होती आणि नाव दुसरीकडे चाललं होतं. बाप का पांढरा पडला होता, ते तिला बासष्ट वर्षांनी कळलं. शेवटी तिने ठरवलं, हॉलवर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. आपलं तेच आपण मागतोय, चोरी थोडीच आहे?

रविवारी दुपारी बाहेर उणे अठ्ठावीस. हॉलमध्ये चाळीसएक माणसं, अर्धी आर्नेलची, हेरिंगच्या शेजारी त्यांच्या शेवया. आर्नेलच्या आईने रोझाला पहिल्याच भेटीत मिठी मारली. सगळे गोल उभे राहिले. बाळाला रोझाच्या हातात देण्याआधी इरेना जवळ आली आणि ओशाळून हळूच म्हणाली,

“रोझा, हसू नकोस हं. मी काही मानत नाही, तुला माहीतच आहे. तरीपण एकदा विचारते. आपल्यात या नावाचं कुणी जिवंत नाही ना? मामाकडचं, दूरचं, कुणीही? तुलाच माहीत असणार. आता दुसरं कुणी उरलंय?”

सांगायची वेळ यापेक्षा सोयीची आली नसती. रोझाने तोंड उघडलं. इरेनाच्या चेहऱ्यावर अगदी लेझरची भीती होती, तीच, पांढरी. आणि तिच्या हातात ते गुंडाळलेलं तान्हं पोर, आंबट तोंड करून झोपलेलं.

“नाही,” रोझा म्हणाली. “जिवंत मिंडल कुणी नाही.”

इरेनाने सुटकेचा श्वास सोडला आणि बाळ तिच्या हातात दिलं. बाळ वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. रोझाने एकदा सवयीने दाराकडे पाहिलं, आत्या येत नाहीये ना. मग मान वर केली आणि ते नाव, आवाज जराही खाली न आणता, आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं पुकारलं.