पाण्यातली हवा

लग्न होऊन मी या शहरात आले, तेव्हा पोलीस ॲक्शनला थोडीच वर्षं झाली होती. सासरे निजामाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. हैजा, म्हणजे कॉलरा, हवेतून येतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खाम नदीकडून वारा सुटला की ते स्वतः खिडक्या लावून घेत, घरभर लोबानाचा धूर करीत आणि मला सांगत, "रोग नाकानं आत शिरतो, सूनबाई."

मी मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवायचे. हैजा पाण्यातून येतो, ही माझीही खात्री तेवढीच पक्की होती.

एका उन्हाळ्यात गल्लीतल्या पिण्याच्या पाण्याच्या हौदाला गढूळ पाणी यायला लागलं आणि घरोघर हैजा शिरला. खिडक्या बंद, घर धुरानं कोंदलेलं, तरी माझी धाकटी नणंद आजारी पडली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. ती सारखी पाणी मागत होती आणि सासरे म्हणत होते, "हैज्यात पाणी म्हणजे जहर!" हे कामासाठी पैठणला गेलेले. मी टांगा बोलावला.

"मामंजी, मी हिला दवाखान्यात नेते."

मी विचारत नव्हते, सांगत होते. ते टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले.

सलाईन लावलं आणि पोर वाचली. घरी परतल्यावर मी पाणी उकळायला ठेवलं, तर सासरे म्हणाले, "उकळलेलं पाणी मेलेलं असतं. मी नाय पिणार."

"हौदाच्या पाण्यात जंतू असतात, मामंजी. उकळल्यावर ते मरतात."

"तू पाहिलेस?"

पाहिले नव्हते. पण मी हटले नाही. "बरं, खराब हवा नदीवरून येते ना? मग ती उघड्या हौदात उतरत नसेल? आणि हे बुडबुडे कशाचे?"

ते पातेल्यावर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हवाच आहे की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते काठी घेऊन गल्लीत निघाले. दारोदार सांगत सुटले, "पाण्यातली हवा काढा! बुडबुडे येईस्तोवर उकळा!" माझं, म्हणजे कालच्या सुनेचं, कुणी ऐकलं नसतं. त्यांचं सगळ्यांनी ऐकलं. हळूहळू आजार ओसरला. त्याच सुमारास लस टोचणारेही येऊन गेले होते, त्यामुळं सगळं श्रेय मी पाण्याला देत नाही.

"तुम्ही तर चुकीचंच पसरवलंत," शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या.

"लोकांना आधी जगू द्या," मी म्हटलं. "शास्त्र शिकवायला मी आहेच."

पुढं शाळेत सूक्ष्मदर्शक आला. मी मुद्दाम सासऱ्यांना घेऊन गेले, डबक्यातल्या पाण्याचा थेंब दाखवला. एक डोळा मिटून त्यांनी वळवळणारे जीव पाहिले.

"आहेत खरे," ते म्हणाले. "पण यांना पाण्यात आणलं कुणी? हवेनंच ना?"

मला हसू आवरेना. तेही हसले. घरी येताना आम्ही नणंदेच्या लग्नाचं बोलत आलो. लासूर स्टेशनचं स्थळ सांगून आलं होतं आणि पाहुणे रविवारी यायचे होते.