मनुहारीचा गुलाबजाम

इंदुरात खजरान्याजवळच्या एका लग्नात जेवायला माझ्या शेजारी पन्नाशीची एक अनोळखी बाई बसली होती. छोट्या चमच्याने ती वाटीभर वरण खात होती. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवून सावकाश घोळवून गिळायची. पाण्याला हात नाही. "इतकंच?" मी विचारलं.

"वजन कमी करायला पोटात जठराभोवती पट्टा बसवलाय, ऑपरेशन करून. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधीच पिते. घास अडकला की सगळं उलटून पडतं."

तेवढ्यात नवरीचे वडील मनुहार करत आले. आमच्या इंदुरात मनुहार म्हणजे आग्रहाचा घास थेट तोंडात. त्यांनी गुलाबजाम पुढे केला. "ताईजी, एक तो लेना पडेगा! नाही म्हणालात तर मी नाराज."

सगळी पंगत बघू लागली. तिच्या जागी मी असते तर निमूट गिळला असता, नाहीतर वाद घातला असता. तिने हसून गुलाबजाम हातात घेतला आणि त्यांनाच भरवला. "सकाळपासून उपाशी धावताय, भिया. आधी तुम्ही!"

भरल्या तोंडाने त्यांना पुढे आग्रहच करता येईना. मान डोलावत ते पुढच्या पानाकडे गेले.

"पट्टा पोटाला बांधलाय, हाताला नाही," ती मला म्हणाली आणि तिने गार झालेल्या वरणात चमचा घातला.