वकिलातीत सोड्यांची पुडी

माइक हातात आला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या चाळीच्या सत्यनारायणाला त्या वर्षी आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. गुरुजींचे झाले, मंडपवाल्याचे झाले, शिऱ्यात सढळ हाताने तूप घालणाऱ्या नलिनीवहिनींचे झाले, तरी माइक सोडवेना. समोर वनमाला बसलेली दिसली आणि मी सुरू झालो, "आपल्या लवू परबांची मुलगी फॉरेनच्या वकिलातीत लागली आहे, नरिमन पॉइंटला. दुबई-मस्कतचं कुणाचं काही काम असेल तर एजंटाकडे जायची गरज नाही. घरचंच माणूस आहे."

टाळ्या पडल्या. वनमाला शिऱ्याचा द्रोण तसाच ठेवून उठली.

माझ्या भाषणात वकिलात आणि नरिमन पॉइंट एवढंच खरं होतं. वनमाला युनिव्हर्सिटीत एम.ए. करत होती, आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन. कुठला देश कुणाशी का भांडतो आणि मग गळ्यात गळे का घालतो, याचा अभ्यास. शेवटच्या वर्षी बाहेरच्या एखाद्या कचेरीत काही महिने बिनपगारी काम करायचं आणि तिथल्या साहेबाने चांगला शेरा दिला तरच डिग्री, अशी अट होती. तिच्या प्राध्यापकांनी खटपट करून तिला युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या वकिलातीत चिकटवलं होतं. तिथे ती वर्तमानपत्रांची कात्रणं काढायची. त्या देशाला दुबईशी काही देणंघेणं नव्हतं आणि कुणाला नोकरी देणं तर तिच्या हातात मुळीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परबांच्या दारात माणसं उभी. कुणाच्या हातात पासपोर्ट, कुणाच्या हातात फोटो. वनमाला प्रत्येकाला तेच समजावत होती आणि दर माणसागणिक तिचा आवाज खाली जात होता. ती रागावली की आवाज चढत नाही, उतरतो. चाळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. रेशनवाला मापात मारण्याआधी रांगेत वनमाला नाही ना, हे बघून घ्यायचा. गिरणीच्या संपात लवूची नोकरी गेली तेव्हापासून ती शिकवण्या करून शिकत होती, त्यामुळे रागाला वेळ पुरत नव्हता एवढंच.

माझ्या खोलीसमोरून जाताना ती थांबली. म्हणाली, "काका, भाषणाची एवढी हौस आहे ना, तर इलेक्शनला उभे राहा. मला का उभी करता?"

त्या गर्दीत आमच्याच चाळीतला धोंडू सावंत नव्हता. तोही लवूबरोबर संपात बसलेला. पण कामासाठी कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही, साहेबाला कचेरीतच भेटावं, असं त्याचं मत. इस्त्रीचा शर्ट घालून तो थेट नरिमन पॉइंटला गेला. आणि नोकरी मागायला जायचं म्हणजे रिकाम्या हाताने कसं जाणार? गावाहून आलेले सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, त्याने वर्तमानपत्रात बांधून नेले. चांगले, लालसर, पाहुण्यालाच काढतात तसले.

वकिलातीत एअरकंडिशन. खिडक्या बंद. पाच मिनिटांत सगळ्या मजल्याला कोकण कळलं.

पुढचं मला धोंडूने सांगितलं. रिसेप्शनवरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. वॉचमनने दंड धरला. धोंडू बिचारा वनमालाचं नाव घेत राहिला. साहेब बाहेर आले. साहेब आपल्यातलेच, माटुंग्याचे; फक्त चिमुकल्या देशाच्या नोकरीने त्यांची मान फार लांब झाली होती, खालचं माणूस दिसत नसे. थोड्याच वेळात परदेशी पाहुणे यायचे होते. त्यांनी वनमालाला बोलावलं आणि हळूच, पण धोंडूला ऐकू जाईल असं सांगितलं, ओळखत नाही म्हण, वॉचमन या गृहस्थांना खाली नेईल, विषय संपला.

धोंडू तिच्याकडे बघून म्हणाला, "माजा काय चुकला काय गो, बाय?"

वनमालाने वॉचमनचा हात सोडवला. धोंडूला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं, पाणी आणून दिलं. मग पुडी उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "हे आमचे धोंडूकाका. हे तुमच्यासाठी आणलंय. पाहुण्यांनी दिलेल्या वस्तू तुम्ही त्या काचेच्या कपाटात मांडता ना? हीपण मांडा." हे सगळं इतक्या खालच्या आवाजात, की रिसेप्शनवरच्या बाईने ऐकण्यासाठी नाकावरचा रुमाल काढला.

संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. शेऱ्यात लिहिलं, स्वभाव तापट, या क्षेत्राला अयोग्य. प्राध्यापकांनी हात टेकले. दुसऱ्या कचेरीत पुन्हा पहिल्यापासून काम, नाहीतर डिग्री नाही.

मी परबांकडे गेलो तेव्हा लवूने धोंडूला चहा दिला. मला दिला नाही. वनमाला कोपऱ्यात पुस्तकं आवरत होती आणि प्रत्येक पुस्तक जमिनीवर आपटून ठेवत होती. एवढ्या मोठ्या देशांच्या भानगडी शिकवतात, म्हणाली, आणि पहिला धडा काय, तर आपल्या माणसाला ओळखू नका. मलाही त्या लांब मानेचा राग आला होता. पण माझ्या रागाला त्या घरात बसायला जागा नव्हती.

महिन्याभराने प्राध्यापकांनी तिच्यासाठी बॅलार्ड इस्टेटच्या एका जहाज कंपनीत शब्द टाकला. परदेशांशी पत्रव्यवहार करायचं काम. ती मुलाखतीला निघाली, तेव्हा मी जिन्यात गाठून शहाणपण शिकवलं. पहिली जागा का सोडली, हे ते विचारणारच. घरात आजारपण होतं म्हणून सांग. एवढं खोटं चालतं, तुमच्या त्या शास्त्रातसुद्धा चालत असेल.

ती दोन पायऱ्या उतरली आणि मागे न बघता म्हणाली, "शेजाऱ्याला ओळख दिली म्हणून हाकललं, असंच सांगणार."