क्लचखालचं बटन

आमचा छोटा ट्रॅक्टर क्लच दाबल्याबिगर सुरू होत न्हाई. चावी फिरते, पन ट्रॅक्टर गप राहतो. हे मला तो घरी आला त्याच दिवशी कळलं, कारन माझी तीन वर्साची पोरगी थेट सीटवर जाऊन बसली आन तिनं चावी फिरवली आन मी पिठाच्या हातानं तशीच पळत आले आन काहीच झालं न्हाई. आमचे हे हसून राहिले होते. म्हनले, "तिचा पाय क्लचला पुरन तवा सुरू हुईन. अजून धा वर्सं हायेत."

मग त्यांनी मला खाली वाकून दाखवलं. क्लचच्या दांड्यापाशी एक बटन हाये. क्लच वर असला की दांडा ते बटन दाबून धरतो आन करंट जात न्हाई. क्लच दाबला की दांडा सरकतो, बटन बाहेर येतं, मग करंट जातो. मी सातवी शिकले, पन एवढं मला समजलं.

मला तसं सगळ्याचंच भेव वाटतं. हिरीचं, इळ्याचं, उकळत्या पान्याचं, शेजारच्या गाईचं बी. ट्रॅक्टरचं तेवढं वाटत नव्हतं. पोरगी रोज दुपारी सीटवर बसल्या बसल्याच कुरुंद्याच्या बाजाराला जाऊन यायची, चावी फिरवायची, तोंडानंच आवाज काढायची, आन मी निवांत भांडे घासायचे. सगळं त्या बटनावर.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, पूजा केली. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, वट्ट्यावरून म्हनल्या, "एक बी पुर्जा सुना ठेवू नको, माय." मी न्हाई ठेवला. पूजेचे दोन दिवस आमच्यात ट्रॅक्टरला कोनी हात लावत न्हाई, तसा न्हाई लावला.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरूच हुईना. क्लच दाबून चावी फिरवली तरी गप. ह्यांनी बॅटरीवर गरम पानी टाकलं, वायरी हलवून पाहिल्या, चाकाला एक लाथ घातली. सोयाबीन निघालेल्या रानातली वल उडून चालली होती, रोटाव्हेटर मारून हरभरा पेरायचा होता. मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हनला, "क्लचखालचा स्वीच गेला आसन. दोनी वायरी डायरेक्ट करा, काम होऊ द्या, मग पाहू." ह्यांनी वायरी तोडल्या, एकमेकीला पिळल्या, वर टेप गुंडाळली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. सगळे खूश.

मी म्हनलं, "आता क्लच दाबल्याबिगर बी सुरू हुईन का?"

"व्हय."

"आन पोरीनं फिरवली तर?"

"चावी काढून ठीवत जाऊ."

त्या ट्रॅक्टरला आमच्या लोखंडी पेटीची चावी बी चालते. हे पोरीनं कवाच शोधून काढलं होतं.

त्याच संध्याकाळी हे खाली उभं राहूनच चावी फिरवून राहिले, वर चढायचा कंटाळा. ट्रॅक्टर गेरमधेच होता. ट्रॅक्टर एकदम पुढं गेला, पान्याच्या ड्रमाला धडकला आन बंद पडला. ड्रमाच्या अलीकडं पोरीनं भातुकली मांडली होती. ती पानी मागायला म्हनून नुकतीच माझ्याकडं उठून आली होती. ष्टीलचं पातेलं पापडावानी झालं.

हे म्हनले, "गेर काढायचा राह्यला व्हता."

पोरगी म्हनली, "माझा भात."

मी तिला कडंवर घेतलं आन खाली ठेवलंच न्हाई. भाकरी केल्या कडंवर, झाडलं कडंवर, शेरडी बांधली तवा बी कडंवर. आत्याबाई म्हनल्या, "पोरगी चालायचं इसरन." मी म्हनलं, इसरू द्या. दुसऱ्या दिवशी बी तेच. माझी कंबर गेली, पन पाहावं तवा ट्रॅक्टर आंगनातच उभा.

तिसऱ्या दिवशी हे हरभऱ्याचं बी आनायला कळमनुरीला गेले. पोरगी झोपली, आत्याबाईपाशी टाकली, दाराला बाहेरून कडी लावली. आतून आत्याबाई म्हनल्या, "मला काहून कोंडून राहिली?" मी म्हनलं, "थोडा येळ." मग चारी चाकांच्या मागं-पुढं दगड लावले. दगड कमी पडले म्हनून एका चाकाला पाटा लावला. मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री म्हनला, "वहिनी, दादा कुठंयत?"

"बाजारात."

"मग त्याहिला येऊ द्या की."

"तुमी सांगा."

मिस्त्री म्हनला, "आधी बॅटरीची काळी वायर काढा. गेर न्यूटलला घ्या. मग क्लच हातानं दाबा आन पाहा, बटन बाहेर येतंय का."

मी काळी वायर काढली, गेर न्यूटलला घेतला, फोन स्पीकरवर टाकून मातीत ठेवला, खाली आडवी झाले, एका हातानं क्लच दाबला. दांडा सरकला. बटन आतच. त्याच्या भवताली पिवळं-लाल कायतरी वाळून सिमेटावानी झालेलं, आन त्याच्यात तांदळाचा एक दाना उभा.

मला सगळं आठवलं. पूजेत बाकी पुर्ज्याहिला मी हळदीचं एकेक बोट लावलं व्हतं. बटनाला दोन. वर कुंकू, वर अक्षदा. हात बी जोडले व्हते, कारन माझ्या लेकराला तेच राखत व्हतं. दोन दिवस कोनी क्लच दाबला न्हाई, हळद निवांत वाळली.

"काय दिसतंय, वहिनी?"

"घान बसलीय," मी म्हनलं.

"कशाची?"

"घानच हाये."

जुना टूथब्रश घेतला, डिझेल लावलं, घासलं. दाना सुईनं काढला. बटन दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं, किती येळ ते म्हाईत न्हाई, शेवटी ते आपलं आपन बाहेर येऊ लागलं. मिस्त्रीनं सांगितलं तशा वायरी सोडवून स्वीचच्या दोनी टोकांना जोडल्या, टेप मारली. काळी वायर परत लावली. पाना दोनदा पडला.

मग क्लचला हात न लावता चावी फिरवली. गप. परत फिरवली. गप. क्लच दाबून फिरवली, ट्रॅक्टर सुरू झाला. आतून आत्याबाई म्हनल्या, "आता मला इथंच ठिवून कुठं चालली?"

हे आल्यावर त्यांनी बी पाहिलं. चारदा क्लचबिगर, चारदा क्लचसंगट. मग म्हनले, "काय झालं व्हतं त्याला?"

मी सांगितलं. हळद, कुंकू, अक्षदा, सगळं. खोटं बोलावं वाटलं व्हतं, पन उद्या परत घान कशाची म्हनून कोनी इचारलं आसतं.

ह्यांनी वाकून बटन परत एकदा बोटानं पुसलं. आत्याबाई म्हनल्या, "फुडल्या साली त्याला लांबूनच नमस्कार कर."

पोरगी उठल्यापासून परत कडंवरच व्हती, तिला मी खाली ठेवलं. ती थेट सीटवर गेली, बसली, पेटीची चावी लावली, फिरवली. काहीच झालं न्हाई. परत फिरवली.

"बिघडला," ती म्हनली.

"व्हय," मी म्हनलं, आन भांडे घासायला गेले.