झाकणाला आतून दिलेला रंग

ट्रायलच्या दिवशी सकाळी साडेदहाला लाइट जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी शीलाताईंना सोमवारी नऊची वेळ सुचवली होती. अकरापर्यंत कोंबडी तयार होते, असंही सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या सरळ हो म्हणाल्या. आर्णी रोडच्या त्या फीडरवर सोमवारी साडेदहा ते दीड लोडशेडिंग असायचं. विजयला ते ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण महिनाभर आधी त्याच रोडवर एका गोडाऊनचं शटर बसवताना माझं वेल्डिंग तीनदा अर्धवट राहिलं होतं.

म्हणजे हे मी मुद्दाम केलं. सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, पुढचं सांगायला सोपं जाईल.

मी फॅब्रिकेटर. लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं, हा माझा धंदा. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझी शेड आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि सीझनमध्ये जिनिंगची कामं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. त्यांचे पत्रे फाटतात, पाइप गळतात, त्यावर माझे चार महिने निघायचे. पण ही गोष्ट बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीची आहे. जिनिंगवाल्यांकडे गेलो तर ते म्हणत, मशीनच फिरून नाही राह्यली तर पत्रा कायले बदलू. शेडमध्ये मी दुपारी खुर्चीवर बसून असायचो, आणि खुर्चीवरून बरोबर विजयची शेड दिसायची.

विजय माझा साडभाऊ. इकडं साडूला साडभाऊच म्हणतात. आयटीआयला आम्ही दोघं एकाच बॅचला होतो. मी फायलिंगचा, म्हणजे कानशीनं लोखंड घासायचा जॉब पूर्ण करून ठेवायचो आणि हा माझा जॉब समोर ठेवून त्याचा घासायचा. माझं लग्न झालं तेव्हा बायकोची धाकटी बहीण मंदा लग्नाची होती. विजयचं स्थळ मीच नेलं. पोरगा गरीब आहे पण हाताचा चांगला आहे, असं सासऱ्यांना मीच पटवून सांगितलं. स्वतःच्या हातानं धोंडा उचलून पायावर पाडून घेतला म्हणा ना.

नेरला सासुरवाडीच्या घराला माझ्या हातचं गेट आहे. तेव्हाच बारा वर्षं झाली होती त्याला. त्या उन्हाळ्यात विजयनं तिथं ओट्याला स्टीलची रेलिंग बसवून दिली. मी गेलो तर आल्यागेल्याचा हात त्या रेलिंगवर. सासूबाई पदरानं पुसत होत्या तिला. माझ्या गेटला कधी कोणी पुसलं नाही. मी चहा घेतला न घेतला आणि निघालो.

आता शीलाताई. नेरच्या कापूस बाजारात त्यांची खानावळ होती. गाडीवाले, हमाल, सगळे त्यांच्याकडे जेवायचे. नवरा नामदेवराव तिथंच मापारी, म्हणजे कापसाचं वजन करणारा. त्या वर्षी बाजारात गाड्याच आल्या नाहीत, तर जेवणारे कुठून येणार? ताईंनी खानावळ बंद केली आणि आर्णी रोडला जागा घेऊन हॉटेल टाकायचं ठरवलं. पण त्या रोडला रस्सा-भाकरीची हॉटेलं ढिगानं. ताई पुण्याला लेकीकडे गेल्या होत्या, तिथं त्यांनी धुरावर भाजलेली कोंबडी खाल्ली होती. तीच द्यायची, असं त्यांनी मनात घेतलं. जागा लहान, एकच मशीन बसणार. ती चुकली तर परत नेरला कोणत्या तोंडानं जायचं, हे त्या मला दोनदा बोलल्या.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, हे लक्षात ठेवा. मी कोळशाचा ड्रम बनवतो. खाद्यतेलाचं जुनं दोनशे लिटरचं बॅरल घ्यायचं. खाली कोळशाची टोपली, वर आडव्या सळया, त्यांना कोंबडी टांगायची, झाकण लावायचं. खाली हवेची खिडकी असते. ती उघडली की आग वाढते, सरकवली की कमी होते. बाकी काही नाही. वायर नाही, मोटर नाही. बिघडायला त्यात काही असलं तर ना.

विजयकडे तेव्हा विकायला नवीनच पेलेटवर कोंबडी भाजायची मशीन आली होती. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या. मशीनच्या बाजूला हॉपर असतो, गोळ्या भरायचा डबा. मोटरवर फिरणारा स्क्रू त्या गोळ्या थोड्या थोड्या आगीत ढकलतो, पंखा हवा देतो. डिग्री सेट करायची आणि हात बांधून बसायचं. ताईंच्या कानावर हे कुठून तरी गेलं. त्या म्हणाल्या, दोघंही मशीन आणा, एकाच दिवशी लावा, चव पाहून ठरवू. वरून म्हणाल्या, "तुम्ही तं एकाच घरचे जावई. भांडणाचं कामच नाही."

मी विजयची मशीन पाहायला गेलो. गेलो काय, पाय ओढत गेलतो. स्टील असं चकाकत होतं की त्यात माझं तोंड दिसलं, आणि ते काही बरं दिसत नव्हतं. हिरव्या आकड्यांचा डिस्प्ले. पंख्याचा बारीक आवाज. घरी आल्यावर सुनंदा, माझी बायको, सहज म्हणाली की विजयभाऊची मशीन मोठी झकास दिसते म्हणे, मंदाचा फोन आला होता. मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी ताईंना फोन करून मी सोडून दिलं की आजकाल पेलेट पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे निघतात, कापसावर किती फवारे मारतात ते तुम्हाला माहीतच आहे, तो धूर थेट कोंबडीला लागणार. ताईंनी विजयला विचारलं. त्यानं पोतं उघडून दाखवलं, निव्वळ बाभळीचा भुसा. ताईंनीच मला परत फोन करून सांगितलं, तुमची काळजी मिटली म्हणून. मिटली कसली, दुप्पट झाली.

मग मी ती चूक केली. खरं म्हणजे चूकही म्हणता येत नाही, कारण मला सगळं कळत होतं. माझा ड्रम दिसायला काळाकुट्ट असतो. त्याचं कारण आहे. बॅरल आणलं की आधी त्यात दिवसभर पऱ्हाटी जाळायची. आतला जुना रंग, तेल, सगळं जळून गेलं पाहिजे. मग घासून आतून खायचं तेल लावायचं आणि पुन्हा तापवायचं. यालाच ड्रम पिकवणं म्हणतो मी. आतून रंग कधी द्यायचा नाही, कारण तापलं की त्याचा वास अन्नाला लागतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचो. पण त्या स्टीलपुढे आपला काळा ड्रम ठेवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. मी नवा ड्रम घेतला, नीट पिकवला, आणि बाहेरून चंदेरी रंग मारला. बाहेरून ठीक होतं. मग वाटलं, ताई झाकण उघडणार, तेव्हा पहिले झाकणाची आतली बाजूच दिसणार. ब्रश हातातच होता.

सोमवारी नऊला दोन्ही मशीन लागल्या. ताईंचं किचन अर्धं बांधलेलं होतं. मागच्या बाजूला तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची भिंत. विजयची मशीन कुडाला लागून, कारण बोर्ड तिथं होता. माझा ड्रम मोकळ्यात, चांदीच्या भांड्यासारखा उभा. नामदेवराव त्याच्याकडे पाहत म्हणाले, "चांगला दिसते." त्या एका वाक्यावर मी दीड तास काढला.

साडेदहाला लाइट गेली. मिनिटाचाही फरक नाही. पंखा थांबला, हिरवे आकडे विझले. मला आनंद झाला, लपवत नाही. विजय वायरमनला फोन लावत रेंज शोधत रोडपर्यंत गेला. ताई आणि नामदेवराव कांदा कापायला पुढे गेले. मशीनजवळ मी एकटाच होतो.

आणि मला हॉपरच्या झाकणाखालून धूर दिसला. अगदी बारीक. या मशीनचं एक असतं. स्क्रू थांबला, पंखा थांबला, की आग तिथंच राहत नाही. ती उलटी स्क्रूच्या नळीत शिरते आणि गोळ्यांच्या डब्याकडे येते. डबा पेटला की काम संपलं. आणि डब्याला लागून तुराट्या.

हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी उभा राहिलो. पेटू दे एकदा, चकाकतं ना फार, असं मनात आलं. मी मोजत होतो. एक, दोन, तीन. मोजायचं कशासाठी होतं ते मलाही माहीत नाही. दहावर आलो तेव्हा धूर काळा झाला आणि कुडाची एक काडी करपताना दिसली. मग मी ओरडलो. हॉपर उघडून घमेल्यानं गोळ्या उपसल्या, बाहेर मातीत फेकल्या. हाताचे केस जळाले. विजय धावत आला, आम्ही दोघांनी मिळून मशीन मोकळ्यात ओढली. ताई दारात उभ्या होत्या, हातात चाकू तसाच.

विजय म्हणाला, "दादा, तुम्ही होता म्हणून. नाही तं ताईचं किचन गेलं असतं."

मी घमेलं झटकून बाजूला ठेवलं. त्यानं बॅगेतून छोटा इन्व्हर्टर काढला आणि माझ्या टेम्पोची बॅटरी मागितली. ताईंसमोर नाही कसं म्हणणार? मी बॅटरी काढली. जमेल तितक्या हळू काढली, पण काढली. नळी साफ झाली, मशीन पुन्हा चालू झाली. माझ्या बॅटरीवर.

अकराला माझा ड्रम उघडला. कोंबडीचा रंग असा सुंदर होता की मी स्वतःवर खूश झालो. ताईंनी एक तुकडा घेतला, चावला, आणि नामदेवरावांकडे पाहिलं. नामदेवराव कमी बोलणारे. त्यांनी हळूहळू खाल्लं. मग म्हणाले, "याले नव्या दरवाज्याचा वास येते."

ताई म्हणाल्या, रंगाचा. मी म्हणालो, मसाल्याचा असेल. त्या म्हणाल्या, मसाला मीच लावला, दोघांनाही एकच.

थोड्या वेळानं विजयची झाली. उशिरा झाली, पण चांगली झाली. कोणी काही बोलायच्या आत विजय माझ्या ड्रमजवळ गेला. त्यानं झाकण उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. बोट चंदेरी झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आयटीआयची दोन वर्षं सोबत काढलेला माणूस, त्याला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

त्यानं बोट पँटला पुसलं आणि ताईंकडे वळला. "ताई, वास झाकणाचा आहे, ड्रमचा नाही. दादाच्या शेडमागं एक जुना काळा ड्रम आहे. आमच्या पोराच्या वाढदिवसाले त्याच्यातच कोंबड्या लावल्या होत्या, लोक बोटं चाटत गेले. तो आणा. माझी मशीन इथं नका घेऊ."

ताई चकित झाल्या. "काहून? तुमची तं चांगली झाली."

"वायरमन म्हणाला, तुमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस लाइट जाते. दर वेळेस दादा थोडेच राहणार आहे इथं."

ताईंनी काळा ड्रम घेतला. तो मी दुसऱ्याच दिवशी पोचवला. ऑर्डर मला मिळाली, हॉटेल वेळेवर सुरू झालं, चाललंही. विजयचं भलं झालं असतं तर मला वाईट वाटलं असतं. त्यानं माझं भलं केलं, त्याचं त्याहून वाईट वाटलं. आठ दिवस मी त्याच्या शेडवरून गेलो नाही, मागच्या रस्त्यानं फिरून जायचो.

ट्रायलच्या दिवशी बॅटरी परत टेम्पोत बसवताना मी त्याला विचारलं होतं, असं कायले केलं.

विजय नट आवळत होता. वर न पाहता म्हणाला, "सासुरवाडीले गेलो की पहिले तुमचं गेट उघडा लागते. बारा वर्सं झाले, साधं कुरकुरत नाही. मंदा दर वेळेस म्हणते, भाऊजीचं काम पाहा. म्या रेलिंग कायले लावली मंग? सासूबाई रेलिंग पुसते, कारण तिले डाग पडतात. तुमच्या गेटाले पुसाच नाही लागत." मग नट आवळून झाल्यावर म्हणाला, "त्या झाकणाले रंग पाह्यला आणि वाटलं, हा माणूस माझ्यापायी असं करून राह्यला. बरं नाही वाटलं."

म्हणजे बारा वर्षं तो माझ्यावर जळत होता आणि मला पत्ताच नव्हता. एवढं सुख दारात पडून होतं, आणि मी दुसरीकडेच पाहत बसलो.

अजूनही शीलाताईंच्या हॉटेलात कोणी ड्रम कुठला असं विचारलं की त्या सांगतात, लोहाऱ्याच्या विजयभाऊनं सुचवला, मोठा मनाचा माणूस. बनवला कोणी, ते दुसऱ्या वाक्यात येतं. कधी कधी येतच नाही. मी तिथं जेवायला जातो तेव्हा ड्रमकडे पाठ करून बसतो.

आता माझ्याकडे पेलेटच्या मशीनही दुरुस्तीला येतात. विजयच पाठवतो. ड्रमवाल्याला मी सांगतो, आतून रंग देऊ नका. मशीनवाल्याला सांगतो, हॉपरखालून धूर दिसला की लगेच गोळ्या उपसा. किती वेळ असतो हातात, असं कोणी विचारलं तर सांगतो, दहा मोजेपर्यंत. एवढं नेमकं कसं माहीत, हे अजून कोणी विचारलेलं नाही. विजयनंही नाही.