हवेची सुई

पाण्याची मला पहिल्यापासून भीती. विहिरीत डोकावतानाही मी कठडा सोडत नाही. आणि नर्सची नोकरी लागली ती नेमकी भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कायमची नोकरी, नाही कसं म्हणायचं? बाजारहाटाला पलीकडे जायचं तर पूल लांब, एसटीनं अर्धा दिवस मोडायचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मी होडीत बसायला लागले. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, डोळे पायाच्या अंगठ्यावर.

पलीकडचा काठ दौंड तालुक्यात. तिथे ऊसतोड कामगारांची एक टोळी पाचटाच्या कोप्या घालून राहिली होती. एप्रिल लागला, हंगाम संपला. दोन ट्रक ठरले होते आणि त्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापल्या गावी निघणार होते. टोळीत गोवराची लस द्यायच्या वयाची अकरा मुलं होती. एकालाही ती मिळाली नव्हती. आमच्या यादीत ती नव्हती, कारण नदीपलीकडची. पलीकडच्यांच्या यादीत नव्हती, कारण टोळी फिरती. आदल्या वर्षी अशाच एका कोपीत गोवरानंतर धाप लागलेलं पोर मी मांडीवर घेतलं होतं. ते माझ्याच मांडीवर गेलं. म्हणून मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या मागे लागून लस मिळवली.

लस थंड राहावी लागते. आदल्या दिवशी लाइट नव्हती, त्यामुळे डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या अर्धवट गोठलेल्या. डब्याचं झाकणही सैल, त्याला मी चिकटपट्टी लावली होती. डॉक्टर म्हणाले, "बारापर्यंत उरका. बर्फाचं पाणी झालं तर लस फेकून द्यायची. टोचलीत तर नुसतं पाणी टोचल्यासारखं आहे."

होडी आप्पांची. साठीचे गृहस्थ, डोक्याला मुंडासं, तोंडात तंबाखू. त्यांनी कोकणातून एक जुनं इंजिन आणून होडीच्या मागे टांगलं होतं. ते पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि मग रेशनच्या निळ्या रॉकेलवर चालायचं. रॉकेलचा प्लास्टिकचा कॅन होडीतच असे. त्यातून एक रबरी नळी इंजिनाला जायची आणि नळीच्या मध्ये एक रबरी फुगा होता, माझ्या बीपीच्या यंत्राला असतो तसा. तो चार-पाच वेळा दाबला की रॉकेल भरून टणक व्हायचा, आणि मग आप्पा दोरी ओढायचे.

त्या महिन्यात इंजिन सारखं बंद पडत होतं. आप्पा दर वेळी काहीतरी साफ करायचे, रॉकेल किती उरलं ते कॅनचं झाकण उघडून बघायचे आणि दोरी ओढायचे. इंजिन सुरू व्हायचं. मग जे शेवटी साफ केलं असेल त्याच्यावर आळ. सोमवारी प्लग खराब होता, बुधवारी जाळीत कचरा होता, शनिवारी रेशनवाल्यानं रॉकेलमध्ये पाणी घातलं होतं. रेशनवाल्याला त्यांनी चावडीसमोर शिव्याही दिल्या होत्या.

त्या दिवशी होडीत मी, आप्पा आणि एक दूधवाला. त्याच्या चार किटल्या रॉकेलच्या कॅनला खेटून. नऊ वाजता निघालो. दहा मिनिटांत, बरोबर मध्यावर, इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

नदीत जलपर्णी होती. पुण्याकडून हिरव्या गाद्यांसारखी वाहत येते आणि अडेल तिथे थांबते. आम्ही थांबलो तशी ती आमच्याभोवती गोळा झाली. आप्पांनी वल्हं घातलं, ते मुळांत अडकलं. बांबू घातला, त्याला तळ लागेना. चारी बाजूंना हिरवंगार शेत दिसावं आणि त्यात पाय टाकता येऊ नये, असं ते होतं. मी फळी आणखी घट्ट धरली.

"पंख्यात गवत गेलंय," आप्पा म्हणाले. इंजिन वर उचलून त्यांनी विळ्यानं पंखा मोकळा केला. फुगा दाबला, दोरी ओढली. इंजिन अर्धा मिनिट चाललं आणि पुन्हा बंद.

मी फुग्याकडे बघत होते. आप्पांनी सोडल्यावर तो फुगला नाही, पिचकला तो पिचकलेलाच राहिला. कॅनच्या बाजूही आत ओढल्यासारख्या दिसत होत्या. मला एकदम तालुक्याच्या दवाखान्यातले दिवस आठवले. मी नवी असताना एका पेशंटचं सलाईन सारखं थांबायचं. मी हात बदलला, नळी बदलली, शीर बदलली. मोठ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी काचेच्या बाटलीच्या बुचात एक सुई खुपसली. सलाईन धो धो सुरू झालं. "हवेची सुई कोण लावणार, तुझा काका?" त्या म्हणाल्या. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून थेंब पडत नाही.

मी म्हटलं, "आप्पा, कॅनमध्ये हवा जात नाही वाटतं."

"बाई, तुम्ही खाली बसा. होडी हलतीया," आप्पा म्हणाले. "इंजानाचं आमचं आमी बघतो."

दूधवाला हसला. "सिस्टर, ते काय पेशंट हाय व्हय?"

बस्स. माझा स्वभाव असा की कुणी मला एकदा गप्प केलं की मी दुप्पट गप्प होते. घरी आई म्हणायची, हिच्या नाकावर राग. मी मनात म्हटलं, बरं, बघा तुमचं तुम्ही. आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

आप्पांनी प्लग काढला, दातांत धरून पुसला, परत बसवला. नाही. जाळी काढून फुंकली. नाही. नळी तोंडानं ओढली, रॉकेलचा घोट गेला, ते थुंकले आणि रेशनवाल्याचा उद्धार केला. कॅन काठोकाठ भरलेला, त्यामुळे किती उरलं ते बघायला झाकण उघडायचं कारणच पडलं नाही. ऊन चढत होतं. दूधवाला किटल्यांवर ओलं पोतं टाकत होता. मला सगळं दिसत होतं आणि मी जलपर्णीतल्या एका जांभळ्या फुलाकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी रुसले होते. अकरा पोरं पलीकडे वाट बघत असताना, ऐन नदीत, तीस वर्षांची बाई रुसून बसली होती.

तासाभरानं मी डबा कानाशी धरून हलवला. आत डुचमळलं.

मग मात्र मी उठले. होडी हलली, दूधवाला ओरडला, मी रांगत कॅनपाशी गेले आणि झाकण पिळलं. सूं करून हवा आत गेली आणि कॅनच्या बाजू फट्दिशी बाहेर आल्या. झाकणाच्या मधोमध हवेसाठी बारीक भोक होतं. त्यात पिवळा साबण गच्च भरला होता.

"हा साबण कुणी भरला?"

आप्पांनी दूधवाल्याकडे बघितलं. दूधवाल्यानं पाण्याकडे. मग आप्पा म्हणाले, "ह्याच्या दुधाला राकेलचा वास लागायचा. डेरीवाले परत पाठवायचे. मग मीच बुजवलं महिन्यापूर्वी. पेट्रोलची टाकी गळली की साबणच लावत्यात न्हवं?"

मी नखानं साबण काढला, पिशवीतली जाड सुई त्या भोकात बसवली आणि भोवती साबण परत दाबला. हवा आत जाईल, रॉकेल उडणार नाही. आप्पांनी फुगा दाबला. तो टणक झाला. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. माझ्या डब्याचं झाकण हवा आत घेत होतं आणि त्यांच्या कॅनचं घेत नव्हतं, एवढीच काय ती गंमत.

जलपर्णी कापत काठाला लागायला बारा वाजून गेले. बाभळीखाली आया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी डबा उघडला. पिशव्या मऊ, लस कोमट. एक तरुण आई पुढे आली, कडेवरच्या मुलीचा दंड उघडा करून. मी म्हटलं, आता देता येणार नाही.

"बाई, जरा ऊन झाली तर काय बिघडतंय? द्या की. आमी आज चाललो."

दिली असती तर कुणाला कळलं नसतं. ती समाधानानं गेली असती आणि माझा तक्ताही भरला असता. मी झाकण लावलं आणि आप्पांना विचारलं, "परत नेता? दुसरी लस आणते."

आप्पांनी तंबाखू थुंकली. "बसा. आता कुटं बी बंद पडत न्हाई."

त्या दिवशी मी चार वेळा नदी ओलांडली. लस आरोग्य केंद्रात मिळाली, पण बर्फ मिळाला तो आईसकांडीवाल्याकडे, आणि तो फोडून डब्यात भरेपर्यंत जीव वरखाली होत होता. परत पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बाभळीखाली नऊ मुलं होती. सगळ्यांना टोचलं. ती दंड उघडा करणारी आई दिसेना. विचारलं तर कळलं, पहिला ट्रक लवकर भरला म्हणून अर्ध्या तासापूर्वी निघाला. ती त्यात होती, आणि तिची जाऊ तान्ह्याला घेऊन. ट्रक कोणत्या रस्त्यानं जाणार हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्या दोन मुलांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मी अर्धा तास उशिरा पोचले होते. रुसून बसले होते तासभर.

आप्पांनी ती सुई झाकणात पुढे कित्येक महिने तशीच ठेवली. होडीत कुणी नवं बसलं की ते कॅनकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या सिस्टरनं इंजान बरं केलं." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी फळी धरून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. कुणीतरी विचारील, सिस्टर, हे तुम्हाला कळलं कधी, अशी मला दर वेळी धास्ती असायची. कुणीच कधी विचारलं नाही.